पॅड आधी, रिसेट मग: एका रागावलेल्या वाचकांना उत्तर

नमस्कार काका (वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय),

माझ्या इंकजेट प्रिंटरवरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वेस्ट इंक पॅड (वाया जाणारी शाई शोषणारी तळातली गादी) भरल्यावर काउंटर (त्या शाईचा मेमरीतला आकडा) रिसेट, म्हणजे परत शून्यावर, करायला सांगून मी लोकांच्या घरात शाईचा पूर आणतोय, कंपनीने मशीन बंद पाडलं तर त्याला कारण असणार, आणि पॅड धुऊन परत वापरणं हा निव्वळ चिंगूसपणा.

पहिलं कबूल. रिसेटवर मी दहा ओळी खर्ची घातल्या आणि पॅड एका ओळीत उरकलं. कुणी त्या दहाच लक्षात ठेवल्या, तर दोष माझाच.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. पॅड किती भरलंय, हे अशा बहुतेक घरगुती प्रिंटरांना कळतच नाही. हेड (कागदावर शाई फवारणारा भाग) साफ करायचं क्लीनिंग केलं की पंप हेडमधून शाई ओढतो, नळीवाटे तळातल्या पॅडवर सोडतो आणि प्रिंटर मेमरीतला आकडा तेवढा वाढवतो. तो ठरलेल्या हद्दीला पोचला की मशीन अडतं. स्कूटरचा मीटर किलोमीटर मोजतो, टायर किती झिजलं ते बघत नाही, तसंच हे. त्यात या शाईत मुख्यतः पाणी. ते उडून जातं, इंदूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. ग्लायकॉलसारखे पदार्थ मागे राहतात, म्हणून पॅड चिकट-ओलं राहतं. पण आकड्यातली सगळी शाई तिथे नसते.

तरी तुमची भीती अगदीच खोटी नाही, हे मला माझ्याच प्रिंटरने दाखवलं. गणपतीत मंडळासाठी बिनकडांचे फोटो भरपूर छापले होते (कागदाबाहेर उडालेली शाईही पॅडवरच जाते), आणि घरात सगळ्यांना प्रिंटर थेट बोर्डावरून बंद करायची खोड. तसं केलं की हेडवर टोपी नीट बसत नाही, ते सुकतं आणि मग क्लीनिंगवर क्लीनिंग. मशीन अडलं तेव्हा आरएनटी मार्गावरच्या एका दुकानात नेलं. "भैया, नया ले लो," एवढंच निदान झालं. घरी येऊन उघडलं, तर नळीच्या तोंडाशी आटलेल्या काकवीसारखा काळा गोळा आणि पॅडचा मागचा कोपरा पांढराशुभ्र! म्हणजे अर्धं पॅड रिकामं असतानाही नवी शाई त्या गोळ्यावरून घरंगळून बाहेर येऊ शकते. नुसता रिसेट मारला असता तर ती टेबलावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतल्या सर्किटवर गेली असती. इथे तुम्ही बरोबर, मी चूक.

चिंगूसपणाचं म्हणाल, तर नवं पॅड मिळत असेल तर तेच घाला. मला तेव्हा मिळालं नाही, म्हणून जुनंच धुतलं. बादलीत सात-आठ पाणी काढली तरी जांभळं येतच होतं. मग दोन दिवस गच्चीवर वाळवलं. हातमोजे घातले नव्हते. चार दिवस बोटं निळी, आणि बायको विचारतेय, "किती बूथांवर मतदान करून आलास?" गोळा खरवडून कागदात गुंडाळला आणि सकाळी कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकला. बादलीतलं पाणी मात्र मोरीतच ओतलं. त्याबद्दल तुम्ही अजून काही म्हणाला नाहीत, पण म्हणालात तर माझ्याकडे उत्तर नाही.

रिसेटच्या फुकट सॉफ्टवेअरमधून व्हायरस येऊ शकतो, हेही तुमचं खरं. मी ते इंटरनेट तोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालवलं होतं. लेखात ही गोष्ट राहूनच गेली. आता मूळ मजकुरात क्रम बदललाय: आधी पॅड, मगच रिसेट.

राहता राहिला तुमचा प्रिंटर. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची मागची बाजू बघा. काही मॉडेलांत तिथे एका स्क्रूवर बसवलेलं छोटं झाकण असतं आणि पॅड त्याच्याच आत असतं. काही नव्या मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स असतो, तो काढून नवा सरकवायचा, बस्स. दोन्ही नसेल तर मॉडेलचा नंबर इथेच लिहा. तळ कुठून उघडतो ते शोधून सांगतो.