मिरवणं कशाला म्हणतात? ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस गप्प बसलो. लगेच लिहायला घेतलं असतं तर नको ते लिहून बसलो असतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागचा लेख पुण्यात भोसरीहून धायरीला घरी पोचायला लागणारा दीड तास, कंपनीतला वैताग आणि बुधवारी रात्री बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळणं याबद्दल होता. तुमचं म्हणणं : लेख रडका आहे, खेळाच्या बंदीचं साल चुकलंय, सरकारने असले जुगार बंदच करायला हवेत, खेळाच्या नादात मुलावर ओरडल्याची लाज वाटायला हवी. आणि शेवटी हे वाक्य : “ज्याला खऱ्या आयुष्यात कुणी विचारत नाही, तो माणूस खेळातल्या पदव्या मिरवतो.”

सालाचं आधी. चूक माझीच. खेळ २०२२ मध्ये परत आला असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात जुलै २०२२ मध्ये तो मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअर्सवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण त्याला “एवढंही माहीत नसेल तर लिहू नये” हे शेपूट जोडायची काय गरज होती? आमचे मास्तर वहीभर लाल शाई करायचे, पण चूक दाखवून थांबायचे. पोराचा बाप काढत नव्हते.

आता ते वाक्य. ‘कुणी विचारत नाही’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी औंधच्या आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवणारा कारागीर, होऊन बाहेर पडलो, त्याला आता २७ वर्षं झाली. तेव्हापासून टूलरूममध्येच आहे. नवी पोरं मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात धरायला माझ्याकडून शिकतात. जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, बिघडला की आधी मला हाक येते. मला विचारतात, साहेब. रोज विचारतात. नाव मात्र लावत नाहीत.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. पातळ भिंतीच्या एका हाउसिंगचा, म्हणजे यंत्राच्या कवचाचा, बोअर (आतलं गोल भोक) सारखा रिजेक्ट होत होता. मशीनवर मोजला की गोल, क्लॅम्प (भाग आवळून धरणारी पकड) सोडून मोजला की अंडाकृती. सगळे टूल बदलत होते, स्पीड कमी करत होते. मी दोन रात्री डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून बसलो तेव्हा लक्षात आलं की बाजूने आवळल्यामुळे भिंत दबते, दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि क्लॅम्प सैल केला की भिंत मूळ जागी परतते. म्हणून बाजूचा दाब काढला, खाली आधाराचे पॅड दिले आणि वरून, रिब म्हणजे भिंतीला बळकटी देणारी पट्टी आहे तिथे, धरायची सोय केली. भाग धरून ठेवणारं हे नवं फिक्स्चर मी माझ्या हाताने बनवलं. रिजेक्शन थांबलं. पुढच्या महिन्यात कस्टमरसमोर सादरीकरण झालं, त्यात फिक्स्चरचा फोटो होता आणि खाली दुसऱ्याचं नाव. तो माणूस त्या दोन रात्रींत एकदाही शॉपमध्ये फिरकला नव्हता. मी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. तुम्ही काय केलं असतंत ते एकदा कळवा.

त्या हिवाळ्यात पुतण्याने मोबाइलवर हा खेळ टाकून दिला. शंभर जण उतरतात, वर्तुळ आवळत जातं, आपण चौघं एकमेकांना धरून राहायचं. साथीदार पडला तर त्याला उठवायला दहाएक सेकंद त्याच्याशेजारी बसावं लागतं, तेवढ्या वेळात बंदूक चालवता येत नाही. समोरून गोळ्या येत असताना ते बसणं सोपं नाही. आणि डाव संपला की पडद्यावर तक्ता येतो : कोणी किती टिपले, कोणी किती नुकसान केलं, कोणी किती जणांना उठवलं. ज्याने केलं त्याच्याच नावापुढे. मधे कुठला साहेब नाही. माझा क्राउन, म्हणजे खेळातली वरची पदवी, मला कुणी सणाची भेट म्हणून दिलेला नाही, आणि सीझन बदलला की तो खाली घसरतो, पुन्हा कमवावा लागतो. त्याचा मला अभिमान आहे. केलेल्या कामापुढे स्वतःचं नाव बघून बरं वाटणं याला तुम्ही मिरवणं म्हणत असाल, तर हो, मिरवतो. तुमच्या घराच्या दारावर नावाची पाटी असेलच ना? ती कशासाठी लावता?

जुगाराबद्दल म्हणाल तर ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन खेळांचा कायदा एकदा वाचून बघा. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, त्याच कायद्याने वेगळं स्थान दिलं आहे. आम्ही चौघं एक रुपया लावत नाही. दोन्ही एकाच टोपलीत टाकून वर आम्हाला शहाणपण शिकवायचं, हे मला पटत नाही.

लेख रडका वाटला, तर संध्याकाळी सहाला माझ्या वाटेवरच्या नवले पुलावरच्या कोंडीत येऊन उभे राहा, मग बोलू.

मुलाचं मीच लिहिलं होतं, कुणी उघडकीला आणलेलं नाही. ते आमच्या घरातलं आहे, आम्ही बघून घेऊ. त्यावर अनोळखी माणसाने टोपणनावाच्या आडून लाज काढावी, हे मी ऐकून घेणार नाही. मी खऱ्या नावाने लिहितो. तुम्हीही नाव लावून लिहा, मग प्रत्येक मुद्द्याला उत्तर देईन.

आज बुधवार आहे, उद्या गुरुवारची सुट्टी. दहा वाजता बाकीचे तिघे येतील, म्हणून इथेच थांबतो.