'अंदाजाने पार्ट बदलतात' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. आकडे आणि फोटो देऊन लिहिलाय, म्हणून उत्तरही तसंच सविस्तर देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी: गोल्फ कार्टचं पॅडल दाबलं की नुसता 'टक्' आवाज यायचा, गाडी जागची हलायची नाही. आम्ही सोलेनॉइड बदलला आणि बिल घेतलं. नवव्या दिवशी चढावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, ती पुन्हा बसली. दुसऱ्या मेकॅनिकने दहा मिनिटांत चौथी बॅटरी खराब असल्याचं दाखवलं. आमच्याकडे फोन केलात तर 'तुम्ही बॅटरीत पाणी टाकत नाही' असं ऐकवलं गेलं. म्हणून तुमचा निष्कर्ष: 'हे लोक अंदाजाने पार्ट बदलतात.'

अंदाजाने बदललेला नाही. पण तपासणी अर्धवट केली, हे खरं आहे. आणि चढावर अडकलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक समजावून सांगण्यात काही अर्थ नाही, तेही कळतं.

आधी सोलेनॉइडचं सांगतो. बॅटऱ्यांचा सगळा करंट कंट्रोलरकडे (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या पार्टकडे) सोडणारा हा मोठा स्विच. पॅडल दाबलं की आतली कॉइल एक तांब्याची चकती ओढून दोन जाड टर्मिनलांवर टेकवते. तो 'टक्' आवाज कॉइलचा. चकती नीट टेकली की नाही, हे आवाजावरून कळत नाही. तुमच्या गाडीत मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवून पाहिलं, तेव्हा बॅटरीकडच्या टर्मिनलवर पूर्ण ५० व्होल्ट होते. कंट्रोलरकडच्या टर्मिनलवर मात्र पॅडल दाबताच व्होल्टेज कोसळत होतं. म्हणजे टक् होत होतं, पण करंट पलीकडे जात नव्हता. जुना सोलेनॉइड कापून पाहिला तर चकती काळवंडलेली आणि खड्डे पडलेली निघाली. तो तुकडा अजून आमच्याकडे आहे. त्याआधी एका ठिकाणी तुम्हाला कंट्रोलर बदलायला सांगितलं होतं, हे तुम्हीच बोलला होता. कंट्रोलर हा महागातला पार्ट, आणि फॉल्ट सापडला नाही की सगळे त्याच्यावरच बिल फाडतात. आम्ही त्याला हातही लावला नाही.

इथवर आमचं काम बरोबर होतं. चूक पुढची आहे. चकती कशामुळे जळली, हा प्रश्न आमच्या माणसाने विचारला नाही, आणि गाडी बाहेर सोडण्याआधी मीही विचारला नाही. सोलेनॉइडची चकती उगाच जळत नाही. कमी व्होल्टेजवर कॉइलची ओढ कमी पडते, चकती घट्ट टेकण्याऐवजी थरथरते, आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडते. त्यातच गाडी दम टाकायला लागली की चालवणारा पॅडल सोडतो, दाबतो, पुन्हा सोडतो. प्रत्येक वेळी तेच. तुमच्या चौथ्या बॅटरीनेच जुना सोलेनॉइड खाल्ला असं आज माझं मत आहे, आणि ती तशीच राहिली असती तर नवाही खाल्ला असता.

मग बॅटऱ्या तपासल्या नव्हत्या का? तपासल्या होत्या, पण उभ्या गाडीत. तुमची गाडी ४८ व्होल्टची, आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. पूर्ण चार्ज झालेला असा सेट काही तास विसावला की साधारण ५०.९ दाखवतो. तुमचा ५०.२ होता. पाच बॅटऱ्या ८.४, चौथी ८.२. दोन दशांशांचा फरक जॉब कार्डावर लिहिलेला आहे आणि त्याच्यापुढे आमच्या हाताने 'ठीक' असंही लिहिलेलं आहे. तो 'ठीक' चुकीचा होता. लेड-ॲसिड बॅटरी आराम करताना भल्याभल्यांना फसवते. आतल्या चारपैकी एक सेल गेला असला तरी मीटरवर आकडा बरा दिसतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. चढावर मोटर शंभराच्या वर अँपिअर मागते, तेव्हा खरं काय ते दिसतं. तुमच्या मेकॅनिकने घेतलेल्या फोटोत लोडवर, म्हणजे मोटर करंट ओढत असताना, पाच बॅटऱ्या ७.१ च्या आसपास आहेत आणि चौथी १.४. बेरीज ३७ च्याही आत. एवढ्या व्होल्टेजला कंट्रोलर हात आखडता घेणारच. त्याला तसंच बनवलेलं असतं.

दहा मिनिटांत सापडलं, यात त्या मेकॅनिकचं कौतुक आहेच. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने होती: त्याच्याकडे गाडी चालती आली, त्यामुळे चढावर नेऊन प्रत्येक बॅटरीवर मीटर लावता आला. आमच्याकडे ती हलतच नव्हती. ही सबब मी स्वतःला दोन दिवस देत होतो. पण लोड टेस्टर आमच्या भिंतीला टांगलेला आहे, त्याला गाडी चालती लागत नाही. आणि सोलेनॉइड बसवल्यावर तर गाडी चालत होती. आम्ही सपाट अंगणात एक फेरी मारून ती तुमच्या ताब्यात दिली. रिकामी.

आता पाण्याचं. चौथ्या बॅटरीत पाणी कमी होऊन आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या हे आमच्या माणसाने पाहिलं होतं, आणि उघड्या प्लेटांवर सल्फेटचा (बॅटरी कमजोर करणारा) थर धरतो हेही खरं. पण अडकलेल्या ग्राहकाला फोनवर ते ज्या सुरात सांगितलं त्याबद्दल मी माफी मागतो. शिवाय ते अर्धसत्य होतं. पाणी कमी असण्यापेक्षा मोठं कारण तुमच्या सीटखाली आहे आणि ते आम्हीही तेव्हा बोललो नाही: लाइट आणि स्पीकर यांची वायर तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीवरून काढलेली आहे. दोन बॅटऱ्यांवरून सोळा व्होल्ट मिळतात आणि दिवे झकास लागतात, म्हणून बरेच जण असं जोडतात. पण त्या दोघी गाडीही ओढतात आणि गाणीही वाजवतात. चार्जर सगळ्या सहांमधून एकसारखाच करंट सोडतो, एकूण व्होल्टेज बघून थांबतो. कोण किती रिकामी होती हे त्याला कळत नाही. त्या दोघी रोज थोड्या उपाशी राहतात आणि वर्षभरात एक जण मान टाकते. तिसरीवर लक्ष ठेवा, पुढचा नंबर तिचा असू शकतो. सगळ्या ४८ व्होल्टवरून बारा व्होल्ट करून देणारा रिड्यूसर बसवला की हा प्रकार संपतो.

पाणी टाकण्याबद्दल एवढंच की डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाकायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड बाहेर सांडतं. तुमच्या टर्मिनलांवरचा पांढरा-हिरवा थर त्यातलाच वाटतो. प्लेटा उघड्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील इतकंच टाकायचं.

रिव्ह्यूत आणखी एक ओळ आहे, 'एकदा सकाळी तर अजिबात हललीच नाही, चार्जर लावलेला असूनही.' तो फॉल्ट नाही. चार्जर जोडलेला असताना गाडी सुटू नये म्हणून तसं कुलूप दिलेलं असतं. प्लग काढला की चालते.

तुमच्या नव्या मेकॅनिकशी एका बाबतीत माझं जमत नाही. त्याने जुन्या सेटमध्ये एकच नवी बॅटरी घातली. पाच थकलेल्यांच्यात एक ताजी घातली की ती लवकरच त्यांच्या वयाची होते. सेट तीन-चार वर्षं चाललेला असेल तर मी तरी तसं केलं नसतं, निदान ग्राहकाला आधी स्पष्ट सांगितलं असतं. केलंच आहे तर महिन्याने प्रत्येक सेलची हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, तपासणी करा. चार्ज झाल्यावर एखादा सेल १.२२० आणि शेजारचे १.२७० दाखवत असतील तर तो सेल कामातून जातोय.

पैशांचं बोलतो. सोलेनॉइडचे पैसे परत करणार नाही. तो खराब होता, नवा तुमच्या गाडीत आहे आणि काम करतोय. आमची मजुरी मात्र पूर्ण परत करतो, कारण त्या मजुरीत तपासणी धरलेली होती आणि तीच पूर्ण झाली नाही. पाचही जुन्या बॅटऱ्यांची लोड टेस्ट आणि रिड्यूसर जोडण्याचं काम तुमच्या जागेवर येऊन, मजुरी न घेता करून देतो. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. आमच्याकडे त्या दिवसापासून कुठलाही सोलेनॉइड बदलला की लोडवरचे सगळे आकडे लिहिल्याशिवाय जॉब कार्ड बंद होत नाही.

येण्याच्या आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवा, पण प्लग पहाटेच काढा आणि मी येईपर्यंत गाडी हलवू नका. चार्जर नुकताच निघालेला असला की आकडे फुगलेले दिसतात, आणि या वेळी मला फुगलेले आकडे नकोत. त्या दरम्यान कुणी बॅटरीची केबल काढायला हात घातलाच, तर आधी सीटखालचा स्विच 'रन'वरून (चालवण्याची स्थिती) 'टो'वर (गाडी ओढून नेण्याची स्थिती) करायला सांगा आणि त्याला हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवायला लावा.