टकटक

वाळवीचं एक मान्य करायला हवं, ती रंगाला तोंड लावत नाही. दाराच्या चौकटीतलं लाकूड संपवते, पण वरचा ऑइलपेंट जसाच्या तसा ठेवते. आमची चौकट किती दिवस नुसत्या रंगाच्या भरवशावर उभी होती कोण जाणे. येणारे-जाणारे कौतुक करून जात, "लाकूड दणकट वापरलंय हो!" मग एका सकाळी चप्पल घालताना मी तिथे अंगठा टेकवला आणि तो सरळ आत गेला. आतला मऊ भाग फस्त झाला होता. कडक शिरा तेवढ्या कागदासारख्या उभ्या होत्या आणि मधल्या फटींत ओलसर माती लिंपलेली होती.

चौकटीखाली भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी होती. नखाने ती जराशी फोडली. आत पांढऱ्या, मऊ, आंधळ्या कामकऱ्यांची एकच धांदल उडाली. पाठोपाठ तांबूस डोक्याचे शिपाई आले आणि भगदाडाच्या कडेने जबडे उगारून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भगदाड बुजलेलं. आमच्या बाथरूमची निखळलेली फरशी बसवायला मिस्त्री 'उद्या येतो' म्हणून गेलेला आहे. इथे न बोलावता, न अॅडव्हान्स घेता काम पुरं! वाळवीची कातडी इतकी नाजूक असते की कोरड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून जाईल तिथे माती आणि लाळेचा हा बोगदा बांधत जाते.

घराला वाळवी लागल्याची बातमी लोक आवाज खाली करून सांगतात आणि सल्ले मात्र मोठ्याने देतात. शेजारच्या काकांनी रॉकेल ओतायला सांगितलं. रॉकेलने डोळ्यांसमोरच्या चार मरतात, बाकीच्या बाजूने नवा रस्ता काढतात. सासूबाई म्हणाल्या, "कडक ऊन दाखवा." गादीला दाखवता येतं, भिंतीत गाडलेल्या चौकटीला कसं दाखवणार? मेहुण्याने थेट राणीलाच मारायचा बेत मांडला. राणी जमिनीच्या पोटात असते. काही जातींत ती दिवसाला हजारो अंडी घालते आणि वर्षानुवर्षं जगते. तिला गाठायला आधी घर पाडावं लागेल.

मी अभ्यासाला लागलो. वाळवीला इंग्रजीत पांढरी मुंगी म्हणत असले तरी ती मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या खानदानातली. हे ऐकल्यावर बायकोने दोन दिवस चौकटीजवळून जाताना पदर आवरून घेतला. पुढे वाचलं, की मुंग्यांमधला नर मिलनानंतर लवकरच मरतो, वाळवीचा राजा मात्र जन्मभर राणीच्या शेजारी राहतो.

"आणि काम काय करतो?" बायकोने विचारलं.

त्यानंतर मी मनातल्या मनात वाचू लागलो.

या काळात मला ठोकायची सवय लागली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर टकटक करायचं. भरीव असेल तर 'ठक' असा खणखणीत आवाज येतो, पोखरलेलं असेल तर 'ढब'. कपाट, पलंग, खिडक्या, सगळं ठोकून झालं. मग लोकांच्या घरी गेल्यावरही बोलता बोलता हात टेबलाकडे जाऊ लागला. लोकांना वाटे, मी आता उठतो म्हणून सुचवतोय. आणि गंमत म्हणजे, धोका दिसला की वाळवीचे शिपाईही लाकडावर डोकं आपटून बाकीच्यांना सावध करतात. म्हणजे रात्री घर झोपल्यावर बाहेरून मी टकटक करायचो आणि आतून ते. त्यांचं निदान कुणीतरी ऐकत होतं.

इमारत बांधताना जमिनीत वाळवीचं औषध मारलं होतं आणि त्याचं हमीपत्रही मिळालं होतं, हे मला आठवलं. खालच्या ड्रॉवरमधून फाइल काढली. प्लॅस्टिकचं कव्हर शाबूत होतं. हमी पचली होती. लाकूड, पुठ्ठा, कागद, सुती कापड, सगळ्यांत सेल्युलोज एकच आणि ते पचवायला तिच्या पोटात सूक्ष्मजीवांची फौज. तिच्या दृष्टीने हमीपत्र म्हणजे पातळ कापलेलं लाकूड.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाला आला. त्याने वाळवी कुठे आहे हे विचारलंच नाही. "पाणी कुठे गळतंय?" एवढंच विचारलं आणि सरळ सिंकखाली जाऊन बसला. तिथे पाइपचा सांधा शांतपणे ठिबकत होता आणि भिंतीला टेकून आम्ही पुठ्ठ्याची खोकी रचली होती. ओल, अंधार आणि जेवण, सगळी सोय एकाच जागी. सांधा बदलला, खोकी हलली. मग त्याने भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूट-फूट अंतराने भोकं पाडली, त्यांत औषध भरलं आणि वर सिमेंटची टिकली लावली.

"आता ही नळी मोडू नका," तो जाताना म्हणाला. "येऊ-जाऊ द्या त्यांना."

या औषधाचा वाळवीला वास लागत नाही आणि त्याने ती लगेच मरतही नाही. त्यातून चालत जाते, घरच्यांना चाटते, तोंडातला घास भरवते आणि औषध वारुळात पोचवते. शिपायांना तर स्वतःच्या हाताने जेवताच येत नाही, त्यांना भरवावंच लागतं. म्हणजे सगळा कारभार तिच्या मायेवर चालणार. त्यामुळे मी नळीवर पहारा सुरू केला. मुलांना तिकडे चेंडू खेळायची बंदी, फरशी पुसताना तेवढा कोपरा वगळायचा.

एका सकाळी सासूबाई झाडू उगारून नळीकडे निघाल्या. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो.

"अहो, घर खातायत त्या!"

"खाऊ द्या," मी म्हणालो. "एकमेकींना भरवू द्या. कुणी उपाशी राहता कामा नये."

सासूबाईंनी झाडू खाली घेतला, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लेकीकडे वळल्या.

"तेव्हाच ठोकून बघायला हवं होतं गं."