जड होणं आणि दुखणं एक नव्हे

अ‍ॅक्युपंक्चरवरच्या एका लेखात म्हटलंय, सुई जाणवली म्हणजे टोचणारा कच्चा. हे मला अजिबात पटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आईच्या गुडघ्यासाठी नागपुरात धरमपेठेतल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे बारा वेळा गेलो, दरवेळी शेजारी बसून पाहिलं. बारीक नळीतून टिचकी मारून सुई आत जाते, तेव्हा मुंगी चावल्याएवढंही होत नाही. सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाड, इंजेक्शनसारखी पोकळ नाही. मग डॉक्टर ती चिमटीत धरून हळूच फिरवायचे, आणि आई म्हणायची, "आता जड झालं बाप्पा, पोटरीपर्यंत भरून आलं." चिनी लोक यालाच 'दे ची' म्हणतात, सुई नीट लागल्याची खूण मानतात. अमेरिकेतल्या संशोधक हेलेन लँजेव्हिन यांच्या प्रयोगांत दिसलं की फिरवलेल्या सुईभोवती त्वचेखालचे तंतू गुंडाळले जातात. ती उपसायला जोरही जास्त लागतो. विजेसारखी झणकन कळ आली तर मात्र लगेच सांगा. सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते, ती मागे घ्यायलाच हवी.

१९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. कोटणीसांसोबत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चरची ही विद्या भारतात रुजवली.

आईचा गुडघा पुरता बरा नाही झाला. पण रात्रीची झोप परत आली.