हळदीतली अहिराणी गाणी

लोकसंगीतावरचा लेख वाचला. डीजेमुळे लोकसंगीताची वाट लागली, या त्यातल्या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत. आवाजाबद्दल बोलाल तर दोन्ही हात वर, खिडक्यांच्या काचा थरथरतात. पण वाजतंय काय, तेही जरा ऐका की राव! आमच्या नाशिकच्या सिडको-सातपूरकडे हळदीला एखादं तरी अहिराणी, म्हणजे खानदेशी बोलीतलं, गाणं लागतंच. जळगाव, धुळे, बागलाणकडची माणसं एमआयडीसीत कामाला आली, इथंच घरं घेतली, पोरं इंग्रजी शाळेत घातली. घरात अहिराणी मागं पडत चाललीय. मांडवात मात्र कीबोर्डवर पावरी या फुंकवाद्याची धून सुरू झाली, की नवरदेवाच्या मामापासून कंपनीतल्या सुपरवायझरपर्यंत सगळे नाचायला उतरतात. ही गाणी पसरली ती मोबाइल आणि यूट्यूबमुळे. मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओची त्यांनी वाट पाहिली नाही.

भीमगीतांचंही, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या गाण्यांचंही, तसंच. ती लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तिथलं गाणं मवाळ कसं असेल? पुढं स्वस्त कॅसेट आल्या आणि भीमगीतं वस्तीवस्तीत वाजू लागली. लोकसंगीतावर एवढं लिहून लेखकानं त्यांचा साधा उल्लेखही करू नये, हे खटकलं.

बाकी नाशिक ढोलावर एक ओळ तरी हवी होती. पार मुंबईच्या मिरवणुकांत आमच्या गावाच्या नावानं ढोल वाजतो आणि लेखात त्याचा पत्ताच नाही, हे काय बरं नाही!