मजा येते, हे कुणी सांगायचं?

चाळिशीनंतर मार्शल आर्ट्स का शिकावं, यावरचा तुमचा लेख आवडला, पण कारणं सांगताना वजन, रक्तदाब आणि स्वसंरक्षण एवढ्यावरच गाडी थांबली. मजा येते, हे राहूनच गेलं!

मी ज्युदोला जाते. सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीकडे, हात मॅटवर फाडकन आपटायचा, म्हणजे आदळण्याचा जोर विभागला जातो. दिवसभर ऑफिसात गंभीर चेहऱ्यानं वावरणारी माणसं तिथे कोलांट्या मारतात आणि खिदळतात. मोठेपणी मुद्दाम पडायला मिळतं कुठे हो?

खरी गंमत रान्दोरीत, म्हणजे खुल्या सरावात. समोरचा खरोखर विरोध करतो, पण गुण नाहीत, निकाल नाही. पडलात की उठायचं, पुन्हा जाकिटाची कॉलर धरायची. ही सोय आपोआप झालेली नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू, म्हणजे ज्या जुन्या जपानी युद्धकलेतून ज्युदो आला, तिच्यातले ठोसे-लाथांसारखे घातक प्रकार त्यांनी काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरते ठेवले. त्यामुळे रान्दोरीत जोर लावूनही बहुतेक वेळा धडधाकट घरी जाता येतं. भीती कमी असेल तरच माणूस खेळतो, नाही का?

(पट्टा कुठल्या रंगाचा झाला, असं विचारणाऱ्या नातेवाइकांचं काय करायचं, ते मात्र कुणीतरी सुचवा.)

गुडघे किंवा मान दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पडायला न शिकवता पहिल्याच दिवशी लढायला उभं करणारा क्लास असेल, तर फी भरू नका.