७९९ रुपयांचा २ टीबी पेनड्राइव्ह आणि आत्याची लेहची सहल

साताऱ्याची आमची आत्या ६७ वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका. जूनमध्ये ती योगवर्गातल्या मैत्रिणींबरोबर लेहला निघाली आहे. परवा तिचा फोन आला तो सल्ला विचारायला नव्हे, तर ७९९ रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह घेतल्याचे, आणि गटातल्या आणखी पाच जणींनाही तो घ्यायला लावल्याचे सांगायला. आधार काय, तर ‘प्रवासाला जाताय? फोटो असे जपा!’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा, खाली ‘जनहितार्थ’ असे लिहिलेला निनावी संदेश. मला तो आजवर चार वेळा आला आहे. तीन वेळा मी तो न वाचताच पुढे सरकलो, कारण अशा संदेशांना उत्तरे देत बसायचे तर दुसरा उद्योगच करता येणार नाही. चौथ्यांदा मात्र तो आमच्याच घरात शिरला होता.

संदेशाचा गोषवारा असा: आता २ टीबीचा पेनड्राइव्ह ७९९ रुपयांत मिळतो, तो घ्यावा, रोज रात्री सगळे फोटो त्यात टाकावेत आणि फोनमधून व कॅमेऱ्याच्या कार्डातून ते लगेच पुसून जागा मोकळी करावी, घरी जुनी हार्ड डिस्क पडून असेल तर तीही बरोबर न्यावी, कारण ‘हार्ड डिस्कला काही होत नाही’, विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्राने मेमरी कार्डातले फोटो उडतात, म्हणून कार्ड चांदीच्या कागदात गुंडाळावे, क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीच्या, भरवशावर राहू नये, डोंगरात नेटवर्क नसते, आणि खरे जाणकार फोटो साठवायला व पाहायला पडदा असलेले वेगळे यंत्र घेतात, जमल्यास तेही घ्यावे.

पहिल्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण सगळी माती त्यानेच खाल्ली आहे.

मुळात २ टीबी, म्हणजे सुमारे दोन हजार जीबी, लागतात कोणाला? फोनने काढलेला साधा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. आत्याने दहा दिवसांत हजार फोटो काढले, आणि ती ते काढेलच, तरी चार-पाच जीबीच्या वर हिशेब जात नाही. फोरके, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या, व्हिडिओचे एक मिनिट फोनमधल्या सेटिंगप्रमाणे पावणेदोनशे ते चारशे एमबी घेते. म्हणजे तासभराचे चित्रीकरण, अगदी चढ्या दराने धरले तरी, चोवीस जीबी. सगळे मिळून तीस जीबी. दुप्पट धरा, साठ. १२८ जीबीच्या साध्या, ओळखीच्या कंपनीच्या पेनड्राइव्हमध्ये हे मावून निम्म्याहून अधिक जागा उरते. गटातल्या चौदा बायकांचे मिळून फोटो एकत्र करायचे ठरले तरी २ टीबीच्या निम्म्यापर्यंतही मजल जात नाही. तरीही हा आकडा संदेशात ठळक अक्षरांत आहे, कारण गरजेपेक्षा प्रचंड मोठा आकडा आणि गरजेपेक्षा प्रचंड लहान किंमत शेजारी शेजारी ठेवली की माणूस विचार करायचे थांबतो.

२ टीबीचा पेनड्राइव्ह जगात नाही, असे मी म्हणणार नाही. किंग्स्टनने २०१७ मध्ये ‘डेटाट्रॅव्हलर अल्टिमेट जीटी’ नावाचा खराखुरा २ टीबीचा पेनड्राइव्ह जाहीर केला होता; पण तो जस्ताच्या मिश्रधातूच्या जाडजूड आवरणातला होता आणि त्याच्या किमतीत चांगला लॅपटॉप आला असता. आजही नावाजलेल्या कंपनीच्या १ टीबीच्या एसएसडीला, म्हणजे चिपवर साठवण करणाऱ्या डिस्कला, काही हजार रुपये मोजावे लागतात. ज्या वस्तूतली चिपच इतकी महाग, ती वस्तू आवरण, खोके आणि घरपोच पाठवणीसह ७९९ रुपयांत कशी येते, हा प्रश्न आयुष्यभर मुलांकडून नफा-तोट्याची गणिते सोडवून घेतलेल्या आत्याला पडू नये, याचे मला खरोखर वाईट वाटले.

ही लबाडी चालते कशी, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ती समजली नाही तर ‘मी तर कालच फोटो टाकले, सगळे दिसतायत की’ या वाक्यापुढे आपण गप्प होतो. पेनड्राइव्हमध्ये फोटो साठवणारी चिप वेगळी असते आणि तिचा कारभार पाहणारा नियंत्रक वेगळा. ‘तुझ्याकडे जागा किती?’ असे संगणकाने किंवा फोनने विचारले की उत्तर नियंत्रक देतो, आणि विचारणारा ते निमूटपणे मानतो. बनावट पेनड्राइव्हमध्ये चिप असते, समजा, ३२ जीबीची. नियंत्रकाला खोटे बोलायला शिकवलेले असते. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर येणारा प्रत्येक फोटो एकतर कुठेच लिहिला जात नाही किंवा आधीच्या फोटोंवर लिहिला जातो, आणि दोन्ही प्रकारांत फोनवर ‘कॉपी पूर्ण’ असेच उमटते. फायलींच्या नावांची यादी बहुधा पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात असते. त्यामुळे नाव, तारीख, आकार सगळे जागच्या जागी दिसते. त्यातच फोनने आधी बनवून ठेवलेली छोटी चित्रे गॅलरीत तशीच दिसत राहतात. म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर चाळीस मुले हजर, आणि वर्गात जावे तर पहिल्या दोन बाकांवरच काय ती मुले.

हे पडताळायला तज्ज्ञ लागत नाही. जर्मनीतल्या ‘सीटी’ या जुन्या संगणकविषयक मासिकाने ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा मोफत प्रोग्राम फार पूर्वीच दिला आहे. रिकाम्या पेनड्राइव्हवर ठरावीक माहिती लिहायची आणि ती जशीच्या तशी परत वाचता येते का ते पाहायचे, एवढेच काम तो करतो. लिनक्स आणि मॅकवर हेच काम ‘एफथ्री’ करतो. शनिवारी साताऱ्याला जाऊन मी आत्याचा पेनड्राइव्ह तपासला. पूर्ण २ टीबी लिहायचे म्हटले तर त्याच्या सेकंदाला दहा एमबीच्या चालीने पंचावन्न तास लागले असते, म्हणून शंभर जीबीवर थांबलो. त्यालाही, चहाच्या तीन फेऱ्या धरून, दुपार गेली. निकाल असा, की पहिले सुमारे २९ जीबी व्यवस्थित; पुढचे सर्व गेलेले. (३२ जीबीच्या चिपचे संगणकाच्या मोजणीत २९ च्या आसपासच भरतात, तेव्हा आतला माल काय आहे ते स्पष्ट झाले.) मग तिच्याच फोनमधले नातीच्या बारशाचे फोटो त्या भरलेल्या भागापुढे टाकून दाखवले. नावे दिसली. उघडल्यावर राखाडी पट्टे. आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

हा पेनड्राइव्ह नुसता वाईट असता तर पैसे गेले म्हणून सोडून देता आले असते. त्याला संदेशातला दुसरा सल्ला जोडला की तो घातक होतो: ‘टाकले की लगेच पुसा’. पुसण्याच्या क्षणापर्यंत पेनड्राइव्हवरचा फोटो ही प्रत असते. पुसल्यावर तोच एकमेव फोटो उरतो, आणि तो उघडतो की नाही हे कोणी पाहिलेलेच नसते. कॅमेऱ्याच्या कार्डातून चुकून पुसलेले फोटो, त्यावर नवीन काही लिहिले नसेल तर, ‘फोटोरेक’सारख्या मोफत प्रोग्रामने बऱ्याचदा परत मिळतात, म्हणून अशा वेळी ते कार्ड ताबडतोब बाजूला काढून ठेवावे. फोनमध्ये ती सोय जवळपास नाही. तिथला मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो, आणि ‘नुकतेच पुसलेले’ या कप्प्याची मुदत संपली, किंवा जागा मोकळी करण्याच्या भरात तो कप्पाही रिकामा केला, की विषय संपला. गुगल फोटोज वापरणाऱ्यांसाठी तर आणखी एक खड्डा आहे. त्या ॲपमधून फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. साठ दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. संदेश लिहिणाऱ्याला हा फरक ठाऊक नसावा. ठाऊक असून त्याने लिहिला नसेल तर बोलायलाच नको.

आता हार्ड डिस्कला काही होत नाही, हे वाक्य. पुण्यातल्या टेबलावर कदाचित होणार नाही. पण हा संदेश लेहला निघालेल्या गटात फिरतो आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही. ते हवेच्या पातळ थरावर, तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. हवा विरळ झाली की हा आधार कमी पडतो आणि टोक तबकडीवर घासण्याचा धोका वाढतो. म्हणूनच नेहमीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली कमाल उंची बहुतेक वेळा ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट, अशी छापलेली असते. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि लेहजवळची ‘खारदुंग ला’ ही खिंड ५,३५९ मीटरवर. लेहला जायचे नसेल तर केदारनाथ धरा, तेही साडेतीन हजारांच्या वर. बंद ठेवून डिस्क नेली तर सहसा बिघडत नाही. पण तिथल्या हॉटेलात रोज रात्री ती चालू करून फोटो भरणे म्हणजे बनवणाऱ्यानेच नको म्हटलेले करणे. शिवाय ती ‘घरी पडून असलेली जुनी’ डिस्क असेल, तर उंचीचा प्रश्न येण्याआधी ती सुमो गाडीच्या धक्क्यांनीच मान टाकेल. एसएसडी आणि पेनड्राइव्ह यांत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे त्यांना हा धोका नाही.

क्ष-किरणांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. मेमरी कार्डात असते तशीच फ्लॅश मेमरी तुमच्या फोनमध्ये असते आणि तो फोन त्याच यंत्रातून जातो. यंत्राने फोटो उडत असते तर विमानतळाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचा फोन कोरा झाला असता. ही समजूत फिल्मच्या काळातून आली आहे. फिल्म, विशेषतः जास्त संवेदनशील फिल्म, क्ष-किरणांनी खराब होते हे खरे, आणि नव्या सीटी स्कॅन पद्धतीच्या यंत्रांत तर हा धोका वाढलाच आहे. आत्याकडे फिल्म नाही. चांदीच्या कागदाने एवढेच होईल की तपासणीचा जवान पिशवी उघडायला लावेल.

क्लाउडबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे चालत नाहीत, पोस्टपेड लागते; पँगाँग सरोवराच्या काठी तर पोस्टपेडवरही रोजचे व्हिडिओ वर चढवायचे स्वप्न पाहू नये. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणही १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. तरीही याचा अर्थ क्लाउड बंद करून टाका असा होत नाही. लेहच्या हॉटेलात वायफाय मिळाले की रात्री निवडक फोटो आपोआप चढू द्यावेत. जेवढे चढतील तेवढे सामान हरवले तरी वाचतील.

राहिले ते जाणकारांचे पडद्याचे यंत्र. हे वाचून मला हसू आले, कारण यातले सत्य वीस वर्षे जुने आहे. २००४ मध्ये एप्सनने ‘पी-२०००’ काढले होते: ४० जीबीची डिस्क, ३.८ इंची पडदा आणि कार्डे घालायला खाचा. तेव्हाची कार्डे लहान आणि महाग असल्यामुळे ती रिकामी करण्यासाठी छायाचित्रकार अशी यंत्रे खरोखरच बरोबर नेत. त्यातही फिरती डिस्कच होती, म्हणजे खारदुंग लावर तिचेही तेच झाले असते. आज त्याहून मोठा आणि चांगला पडदा प्रत्येकाच्या हातात आहे. फोनला टाइप-सीचा कार्ड रीडर जोडला की कॅमेऱ्यातले फोटो त्यावर दिसतात. दहा जणींनी मिळून पाहायचे असतील तर घरातला टॅब न्यावा. वेगळे यंत्र घेण्याचे कारण उरलेले नाही.

आत्यासाठी आम्ही शेवटी साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या दुकानातून १२८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह पक्क्या बिलावर घेतले, दोन्हीकडे तोंड असलेले, म्हणजे एका बाजूने फोनला आणि दुसऱ्या बाजूने संगणकाला लागणारे. दोन्ही घरी आणून त्याच प्रोग्रामने पूर्ण तपासले. रोज रात्री दोन्हींवर फोटो घ्यायचे, त्यातले चार-पाच उघडून पाहायचे, एक स्वतःच्या पर्समध्ये आणि दुसरा मैत्रिणीच्या पिशवीत ठेवायचा, आणि घरी येईपर्यंत फोनमधले काही पुसायचे नाही, असे ठरले. फोनमध्ये जागा नाही अशी तिची तक्रार होती. व्हॉट्सॲपवरची सुप्रभाताची चित्रे आणि फिरून आलेले व्हिडिओ काढल्यावर अकरा जीबी मोकळे झाले. एक जुने ॲप काढल्यावर आणखी थोडे.

७९९ रुपयांच्या पेनड्राइव्हचे पैसे परत मिळण्याची खटपट चालू आहे. तोवर आत्याने त्यावरच्या २ टीबीवर लाल शाईने काट मारली, शेजारी पांढरी चिकटपट्टी लावून ‘२९’ असे लिहिले, आणि सोमवारी योगवर्गाला जाताना तो पर्समध्ये टाकून नेला.